देजाची यादी

तुम्ही कधी कुणाच्या बाजाराच्या पिशवीवर जळला आहात का? सोन्यावर, घरावर, दुसरीच्या नवऱ्यावर सगळेच जळतात, त्यात काही विशेष नाही. मी पिशवीबद्दल विचारतेय. तेल, साखर, कांदे भरलेली साधी पिशवी. ती दुसरीच्या खांद्याला बघून तुमच्या पोटात कधी आग पडली आहे का? नसेल पडली, तर तुम्ही आपल्याच गावात, आपल्याच बाजारात म्हातारे होणार आहात. नशीबवान आहात. माईदेई नव्हती.

माईदेई मुटारेची, जोहान्सबर्गहून सीमेपलीकडच्या गावची. मुटारेत साकुब्वाचा बाजार आहे, आणि त्या बाजारात ही बाई एकोणीस वर्षं अशी वावरली की टोमॅटोवाल्या तिला लांबून बघूनच नासके टोमॅटो पोत्याखाली सारायच्या. ती आधी भाव विचारायचीच नाही. भेंडीचं टोक मोडायची, सुकी मासळी नाकाशी न्यायची, चवळीचा दाणा दाताखाली फोडायची आणि तोंड वाकडं करायची. विकणारीनं भाव सांगितला की हसायची. त्या हसण्यानंच भाव निम्मा खाली यायचा. उरलेलं काम पाठ करायची. पाठ फिरवून ती चार पावलं चालायची आणि पाचव्याला हाक यायचीच. मग सगळं ठरून, पैसे देऊन झाले की तिचा हात पुन्हा ढिगात जायचा. वरचं म्हणून मूठभर. आमच्याकडे त्याला म्बासेरा म्हणतात, आणि ते मागायचं नसतं, घ्यायचं असतं. विकणारीनं ओरडायचं, घेणारीनं ऐकू न आल्यासारखं करायचं, आणि दोघींनी उद्या पुन्हा भेटायचं. वस्तीत लग्न असो नाहीतर मयत, सामान आणायला बोलावणं माईदेईला. तिच्या मागून ओझी वाहायला दोन बाया लागायच्या. त्यातली एक तिची धाकटी जाऊ, शुविराई.

ही शुविराई सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागोमाग जोहान्सबर्गला आली. माईदेईचा नवरा लामेक त्याच्याही आधीपासून इथं फरशा बसवायच्या कामावर होता. पोरं जरा हाताशी आल्यावर गेल्या वर्षी त्यानं माईदेईलाही बोलावून घेतलं. येओविलमधल्या एका फ्लॅटच्या दोन खोल्या, एकीत थोरला भाऊ, दुसरीत धाकटा, आणि मधे एकच स्वयंपाकघर. शुविराईनं पहिल्याच दिवशी गुडघे टेकून, हलकी टाळी वाजवून शेगडीपुढची जागा सोडली. "माईगुरु, आता तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. माईगुरु म्हणजे थोरल्या जाऊबाई. रीतीप्रमाणे सगळं झालं. शेगडी मिळाली, पातेली मिळाली. पिशवी तेवढी मिळाली नाही.

तशी तिनं सुरुवात केली होती. पहिल्या आठवड्यात ती ऐटीत सुपरमार्केटात गेली आणि टोमॅटो घेऊन पैसे द्यायच्या रांगेत उभी राहिली. रांग सरकत सरकत तिच्यापर्यंत आली, तेव्हा पैसे घेणाऱ्या मुलीनं टोमॅटो उलटेपालटे केले आणि विचारलं, वजनाचं लेबल कुठाय? टोमॅटो म्हणे आत मागच्या काट्यावर तोलून, लेबल चिकटवून आणायचे असतात. हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, कुणी सांगितलेलंही नव्हतं, पण मागच्या अकरा माणसांना मात्र पाठ होतं. एक जण "हे परके," असं म्हणाला आणि त्यापुढे जे म्हणाला ते मी लिहीत नाही. ते कागदावर जाण्याच्या लायकीचं नाही, तोंडात असण्याच्याही नाही.

मग कोंबडी. कोंबडीचं अंग एका खणात, पाय दुसऱ्या खणात, मुंडकी तिसऱ्यात. माईदेई त्या थंडगार कपाटापुढे उभी राहून बघत बसली. जिचे डोळे बघायचे, चोच उघडून बघायची, ती कोंबडीच तिथं नव्हती. मासळीला प्लास्टिक. वास घ्यायचा म्हणून तिनं अंगठ्यानं प्लास्टिकला भोक पाडलं, तर पांढऱ्या टोपीचा एक जण धावत आला. मक्याचं पीठ इतकं बारीक की साद्झा, म्हणजे आमचा रोजच्या जेवणातला उकडीचा गोळा, घट्ट होईना. उलथन्याला चिकटेना, ताटात पसरे. लामेक रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता म्हणाला की शुविराई आणते ते पीठ दुसरं असतं वाटतं.

त्या दिवसापासून पिशवी शुविराईच्या खांद्यावर गेली आणि माईदेईच्या पोटात आग पडली.

शुविराई दुकानात कशी जाते हे तिनं मागून चालत बघितलं होतं. काही हुंगत नाही, काही दाबत नाही. हात जातो, वस्तू येते. मंगळवारी संध्याकाळी मांसावर पिवळी चिठ्ठी लागते म्हणजे भाव उतरतो, हे तिला ठाऊक. कोणतं पीठ कोणत्या फळीवर, हे ठाऊक. दारावरचा माणूस तिला नावानं हाक मारतो. पैसे घेणाऱ्या मुलीशी ती इथल्या झुलू भाषेत काहीतरी बोलते आणि दोघी हसतात. काय बोलते? कशावर हसतात? माईदेईला वाटे, आपल्यावरच. साकुब्वात जी पोर आपल्या मागं पोती वाहत होती, घामानं निथळत होती, एकदा कोबीच्या गड्ड्याला फसून रडत आली होती, ती इथं राणीसारखी चालते आणि आपण तिच्या मागं. चोरलंय हिनं. नेमकं काय चोरलंय ते सांगता येत नव्हतं, पण चोरलंय एवढं पक्कं.

घरी ती सामानात खोड काढायची. साखर ओलसर आहे, तेल पातळ आहे, कांद्याला मोड आलेत. शुविराई म्हणायची, "पुढच्या वेळी बघते, माईगुरु." उलट बोलायची नाही. तेही माईदेईला सहन होत नव्हतं.

अशात नोव्हेंबरात तेते एरेसिना आली. तेते म्हणजे या भावांची थोरली बहीण, दोघी जावांची नणंद. आमच्यात घरात कुणाचा शब्द शेवटचा, हे सासूला नाही, तेतेला विचारतात. ती मुटारेहून एक दिवस नि एक रात्र बसमधून आली होती ती एका कागदासाठी. सगळ्यात धाकटा भाऊ गिव्हमोर, त्याचं लग्न ठरलं होतं. मुलीकडच्यांनी देजाबरोबर, म्हणजे मुलीसाठी द्यायच्या रकमेबरोबर, किराण्याची यादी दिली होती, देतातच. तेल इतकं, तांदूळ इतका, साखर, साबण, चहा, पीठ, माशांचे डबे, पावाला लावायचं लोणी, आणि प्रत्येकापुढे लिहिलेलं की हाच छाप, दुसरा चालणार नाही. हे सगळं जोहान्सबर्गहून घ्यायचं, सीमेपार पाठवायचं, आणि डिसेंबरात मुलीच्या घरी चटईवर मांडायचं. त्या चटईभोवती मुलीकडच्या बाया बसतात आणि एकेक वस्तू उचलून बघतात. सामान कुणाच्या हातचं, ते विचारतात. आणि सांगणारी नाव सांगते. देजाची यादी ज्या सुनेच्या हाती जाते ती घराची थोरली. याला दुसरा काही पुरावा लागत नाही.

माईदेईनं शुक्रवारी संध्याकाळी तेतेसाठी रश्श्यात कोंबडी केली, हिरवा पाला शेंगदाण्याच्या कुटात शिजवला आणि हात धुऊन, पदर सारखा केल्यासारखी कमरेचं कापड नीट करून बसली. तेतेनं खाल्लं, बोटं पुसली आणि छातीशी ठेवलेला कागद काढला. घडी उलगडली. एकदा वाचला. मग हात लांब करून तो शुविराईला दिला.

"तू इथली झालीस," तेते म्हणाली. "तुला दुकानं कळतात."

शुविराईनं कागद दोन्ही हातांनी घेतला. घेताना माईदेईकडे बघितलं नाही. न बघणं हे बघण्यापेक्षा वाईट असतं. लामेक भिंतीकडे बघत होता. माईदेईनं ताटं उचलली. ताटं उचलणं तरी तिचंच होतं अजून.

शनिवारी सकाळी उजाडल्याबरोबर तिनं काय केलं ते सांगते. शुविराईनं यादी आणि सामानासाठी भावांनी दिलेल्या पैशांचं पाकीट साखरेच्या डब्याखाली ठेवलंय हे तिला ठाऊक होतं. घर झोपलेलं होतं. तिनं डबा उचलला, दोन्ही घेतलं, चपला हातात घेऊन जिना उतरली. मनात एवढंच होतं, की ही उठेपर्यंत निम्मी यादी आपल्या हातानं दारात येऊन पडली पाहिजे. मग बघू कोण इथली.

दुकान उघडताच ती आत शिरली. एका चाकानं लंगडणारी ट्रॉली घेतली आणि तेलापासून सुरुवात केली. दहा बाटल्या. फळीवर डबे मांडणाऱ्या एका प्रौढ माणसाला तिनं विचारलं, दहा घेतल्या तर शेवटचं काय लावशील? तो म्हणाला, "मावशी, मी मांडतो फक्त. भाव वर ठरतो." वर कुठे? तर ऑफिसात. ती ऑफिसच्या खिडकीशी गेली आणि तिथल्या चष्मेवाल्या बाईला मोडक्या इंग्रजीत म्हणाली की दहा बाटल्या, सहा पोती, वीस साबण, सगळं आजच, रोख, आता बोल. बाईनं मान हलवली. माईदेई हसली, तेच मुटारेचं हसू. बाई नुसती बघत राहिली. माईदेईनं पाठ फिरवली. चार पावलं चालली, पाचवं टाकलं, सहावं टाकलं. दहाव्या पावलाला ती बिस्किटांच्या फळीपाशी पोचली होती आणि मागून कुणीही हाक मारलेली नव्हती.

मला विचाराल तर यात वेडं कोण? एवढं सामान घेणाऱ्या बाईशी एक शब्द न बोलणारं दुकान, की दुकानानं आपल्याशी बोलावं असं वाटणारी ही? पण असो. तिनं ट्रॉली भरली. पैसे दिले. आणि पैसे देऊन झाल्यावर तिचा हात गेला. विचार करून गेला नाही, एकोणीस वर्षं जात होता तसा गेला. काउंटरजवळ रश्श्याच्या मसाल्याच्या लहान पुड्या टांगलेल्या होत्या, त्यातली एक तिनं काढली आणि सगळ्यांच्या देखत सामानावर टाकली. लपवली नाही. लपवायचं काय त्यात? ती तिची होती.

दारावर पावती तपासायला उभ्या असलेल्या माणसानं पेन फिरवत फिरवत सगळं बघितलं आणि पुडी उचलली. तिच्याकडे बघितलं, आणि आमच्या भाषेत हळूच म्हणाला, "आई, हे इथं चालत नाही."

"कुठला तू?"

"मासविंगोचा."

"मग तुला ठाऊक आहे हे काय आहे ते."

"ठाऊक आहे, आई. म्हणून तर मान खाली घातलीय."

त्यानं तिला सोडलं असतं. पण दुकानाचा साहेब मागंच उभा होता. साहेबानं दोन पर्याय दिले. पोलिसांना बोलवायचं की घरच्या कुणाला? परक्या देशात पासपोर्टवर ठरावीक मुदतीचा शिक्का घेऊन आलेल्या बाईला पोलिस हा शब्द कसा ऐकू येतो, ते तुम्हाला घरात बसून कळायचं नाही. तिला दाराशी एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, शेजारी भरलेली ट्रॉली. घरचा नंबर सांग म्हणाले. लामेकचा फोन कामावर बंद असतो. दुसरा नंबर तिला एकच पाठ होता, शुविराईचा.

तिनं सांगितला नाही. खुर्चीत बसून राहिली. माणसं येत होती, जात होती, तिच्याकडे बघून पर्स काखेत धरत होती. मासविंगोच्या माणसानं पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही. पोलिस आले तर येऊ देत, पण त्या पोरीनं येऊन आपल्याला सोडवू नये. एवढी एकच गोष्ट ती देवाकडे मागत होती.

दोन तासांनी शुविराई आलीच. डबा उचलला, यादी नव्हती, तेव्हाच तिनं ओळखलं. माईदेईला ठाऊक असलेलं दुकान एकच. बरोबर तेते एरेसिना, काखेत मोठी पर्स, डोक्याला फडकं.

शुविराई साहेबाशी बोलायला गेली. झुलूत बोलली, मधेच हसली, पुडीचे पैसे दिले, कुठेतरी सही केली. सगळं चार मिनिटांत आटपलं. माईदेई खुर्चीतून मोजत होती. आपल्याला दोन तास आणि हिला चार मिनिटं. सुटल्याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या चार मिनिटांवरही ती जळली.

तेतेला मात्र राहवलं नाही. ती साहेबापुढे जाऊन उभी राहिली आणि आमच्या भाषेत त्याला झापायला लागली. गाडीभर सामान विकून एका पुडीसाठी बाई बसवून ठेवतोस, तुझ्या आईनं तुला दुकान शिकवलं की चोरी? साहेबानं दारावरच्या माणसाला विचारलं, काय म्हणतायत या? मासविंगोच्या माणसानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "त्या माफी मागतायत, सर."

रस्त्यावर तिघींनी सामान टॅक्सीत चढवायला घेतलं. मग माईदेईलाच राहवेना.

"आता गावभर सांग," ती शुविराईला म्हणाली. "तुझी माईगुरु चोर. सांग, मोकळी हो."

शुविराईच्या हातात साबणाचा खोका होता. तो तिनं टॅक्सीत आदळला. माईदेईपुढे पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"मला काय सांगायचंय? मला हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या वर्षी मी रोज रडत घरी यायची. गावात माझ्या खांद्यावर पोती आणि नाव तुमचं. सगळा बाजार माईदेई, माईदेई. माझं नाव एका टोमॅटोवालीला तरी ठाऊक होतं का? जळायची मी तुमच्यावर. मरायची जळून. इथं ही एकच गोष्ट मला येते, माईगुरु. तीसुद्धा डब्याखालून काढून नेलीत."

हे ऐकून माईदेईला वाईट वाटलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तिला बरं वाटलं. कुणीतरी आपल्यावर एवढं जळलं होतं, इतकी वर्षं, आणि आपल्याला पत्ताही नव्हता. 

तेतेनं दोघींकडे बघितलं आणि कागद मागितला. माईदेईनं दिला. क्षणभर तिला वाटलं की आता तो आपल्याला परत मिळणार. तेतेनं तो पुन्हा शुविराईला दिला आणि टॅक्सीत चढली. संपलं. तेते निर्णय एकदाच देते, दुसऱ्यांदा नुसती आठवण देते.

बाकीची यादी शुविराईनं आणली. एकेक छाप बरोबर.

डिसेंबरात सगळे मुटारेला गेले. मुलीच्या घरी अंगणात चटई पसरली, सामान मांडलं. मुलीची आत्या, जाडजूड, नाकात बोलणारी बाई, गुडघ्यांवर सरकत सरकत सगळं बघत होती. तेलाच्या बाटल्या उजेडात धरल्या. पीठ बोटांवर चोळलं. शेवटी मागं टेकली आणि म्हणाली, खोट काढायला जागा नाही. कुणाच्या हातचं सामान आहे?

शुविराईनं टाळी वाजवली, मान खाली घातली आणि म्हणाली, "आमच्या माईगुरूंच्या."

बायांनी जिभा हलवून किलकारी दिली. ती किलकारी चालू होती तेवढा वेळ माईदेईनं ती खाल्ली. का नाही खाणार? वर्षभर उपाशी होती. तिचं नाव भर अंगणात, साकुब्वाच्या अर्ध्या बायांसमोर. पण किलकारी थांबली आणि तिनं शुविराईकडे बघितलं. ती पोर शांत बसली होती, देऊन टाकल्यासारखी. जिच्याकडे भरपूर असतं तीच असं देते. म्हणजे मोठेपणा देण्याइतकीही आता हीच मोठी, आणि आपण हात पसरून घेणाऱ्या. ते मात्र माईदेईच्या घशाखाली उतरेना.

ती उठून उभी राहिली. देजाच्या बैठकीत सून उभी राहत नाही. लामेकनं तिचं कापड ओढलं, तिनं झटकलं.

"यादी हिच्या हाती होती, माझ्या नाही," ती म्हणाली. "मी यादी चोरून नेली होती. आणि दुकानात वरचं म्हणून मसाल्याची पुडी उचलली, तर मला खुर्चीत बसवून ठेवलं. दोन तास. हिनं सोडवलं."

 मग नाकात बोलणारी आत्या हसायला लागली, इतकी की तिला चटईला हात टेकावा लागला. गाडीभर घेऊन एक पुडी देत नाहीत, तिथं कशाला राहता ग तुम्ही? सगळ्या बाया हसल्या. तेते हसली नाही, पण तोंडावर फडकं धरलं.

माईदेई हसण्यात वाहून जाणारी नव्हती. तिनं शुविराईकडे बोट केलं. "माझ्या पोराचं लग्न होईल, तेव्हाची यादी माझी. मी शिकेन, मी आणेन. आणि ओझी उचलायला तुला नेईन."

"नेलंत तर येईन," शुविराई खालच्या मानेनं म्हणाली. "पण रांगेत पुढे मी."

आता माईदेई एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी एकटी त्या दुकानात जाते. टोमॅटो तोलते, लेबल लावते. अजूनही मासळीच्या प्लास्टिकवर तिचा अंगठा थबकतो. शुविराईला ती बरोबर येऊ देत नाही, आणि शुविराईनं आणलेली साखर अजूनही ओलसरच असते. आग विझलेली नाही. मीही विझली म्हणणार नाही. पण पिशवी आता दोन खांद्यांना असते, आठवड्याआड.

तुमच्या घरात, तुमच्या इमारतीत अशी कुणी परगावची बाई आली असेल. तिला दया म्हणून मान देऊ नका, तिला श्रेयाची भीक घालू नका. तिच्या हातात पिशवी द्या, आणि तिला चुकायला एकटीला जाऊ द्या.